कुटुंबाचा पास

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून ती बावीस वर्षं काचा घासत होती. गिऱ्हाईक त्या खोलीत कधी पाऊल टाकत नसे. पुढे आरसे, दिवे आणि गोड बोलणारा मालक. मागे एक फिरतं चाक, त्यावर सतत पडणारी पाण्याची धार आणि ही. डॉक्टरच्या चिठ्ठीवरचा नंबर वाचायचा, काच निवडायची, फ्रेमच्या मापाने कड घासायची आणि यंत्राखाली धरून पुन्हा एकदा नंबर बघायचा. पाव नंबर इकडचा तिकडे झाला तरी माणसाचं डोकं दुखतं, म्हणून ती पाव नंबरही सोडत नसे. मालक कधी घाईला आला की म्हणायचा, "अहो, त्या आजोबांना एवढं कळणार आहे का?" ती म्हणायची, "आजोबांना नाही कळणार. त्यांच्या डोक्याला कळेल."

अख्ख्या दिवसात ती एवढंच बोलायची, असं म्हटलं तरी चालेल. स्वभावच तसा. भांडण दिसलं की रस्ता बदलायचा, दुकानदाराने सुटे पैसे कमी दिले तरी मुकाट्याने खिशात टाकायचे. स्वतःला चष्मा नसूनही लोक तिला चष्मेवाली म्हणत, त्यालाही तिने कधी हरकत घेतली नाही.

घरातलं बोलण्याचं काम दुसरीने उचललं होतं. ती शहराच्या बस कंपनीत ड्रायव्हर होती. डेपोत दोनशे चाळीस ड्रायव्हर, त्यातल्या बायका चार. तिला सगळे ड्रायव्हरबाई म्हणत. आवाज असा, की समोरच्या ट्रकवाल्याने हॉर्नऐवजी तोच ऐकून बाजूला व्हावं. नाकावर माशी बसू देत नसे. दोघी चौदा वर्षं एका छपराखाली राहत होत्या, दोन खोल्या आणि एक गॅलरी. घरमालकाला सुरुवातीला 'मावसबहिणी' असं सांगितलं होतं. त्याने ते मान्य केलं, आणि खरं काय ते ओळखूनही होता; भाडं एक तारखेला मिळत असल्यामुळे त्याची दृष्टी सोयीपुरती अधू झाली होती. दोघी एकमेकींना 'अगं' म्हणायच्या. "आपल्या घरात 'अहो' कोणीच नाही," ड्रायव्हरबाई हसून म्हणायची, "त्यामुळे रुसवेफुगवे निम्मे."

मग तीन वर्षांपूर्वी कायदा झाला. नोंदणी केलेला जोडीदार, मग बाईची बाई असो की पुरुषाचा पुरुष, कुटुंबातला समजावा. बातमी लागली तेव्हा ड्रायव्हरबाईने कुकरच्या शिट्टीवर शिट्टी मारली होती. पुढच्याच महिन्यात दोघी नोंदणी कार्यालयात गेल्या. साक्षीदार दोन लागत होते. एक दुकानाचा मालक आला. दुसरं कोणी मिळेना, तेव्हा तिथेच जिना पुसणाऱ्या मावशींनी फडकं बादलीत टाकलं, हात पदराला पुसले आणि सही ठोकली. "नांदा सुखाने," त्या म्हणाल्या, "आणि ओल्या पायरीवरून जपून उतरा."

कागद हातात आला. तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवला. इथवर सगळं सुरळीत झालं.

घोडं अडलं ते डेपोत.

बस कंपनीत रीत अशी, की कर्मचाऱ्याच्या घरच्या माणसांना फुकट प्रवासाचा पास मिळतो. ड्रायव्हरबाईने अर्ज भरला. पासाच्या खिडकीमागे एक कारकून बसायचा. तो वाईट माणूस नव्हता. पण त्याच्या सगळ्या आयुष्याला रकाने होते आणि रकान्याबाहेरचं काही दिसलं की त्याला घाम फुटायचा.

"कायदा आहे, मी कुठे नाही म्हणतोय?" तो म्हणाला. "पण फॉर्मवर बघा. पती किंवा पत्नी. एक खोडायचं, एक ठेवायचं. तुम्ही काय ठेवणार?"

"पत्नी."

"मग पती कोण?"

"कोणी नाही."

"पतीशिवाय पत्नी कशी?"

मागे रांगेत उभे असलेले दोघे-तिघे फिदीफिदी हसले. ट्रकवाल्यांना घाम फोडणारी ड्रायव्हरबाई लाल झाली आणि फॉर्म घेऊन परत आली. कारकून म्हणाला होता, परिपत्रक येईल, मग बघू. परिपत्रक काही आलं नाही. दुसऱ्या वर्षी तिने पुन्हा अर्ज केला, पुन्हा तेच. त्यानंतर पंधरा दिवस तिला सगळ्यात खिळखिळी बस मिळत गेली. तो योगायोग होता की आणखी काही, हे कोणी बोललं नाही. तिसऱ्या वर्षी तिने अर्जच केला नाही.

"जाऊ दे ना," ती म्हणाली. "तिकिटाने आपण काही भिकेला लागत नाही."

चष्मेवालीनेही जाऊ दिलं. रोज सकाळी ती तिकीट काढून कामाला जायची. कधीकधी शेजारच्या सीटवर दुसऱ्या एखाद्या ड्रायव्हरची बायको असायची. ती पर्समधून पास काढून कंडक्टरला नुसता दाखवायची, कंडक्टर "काय वहिनी, बरं आहे ना?" म्हणायचा आणि मग चष्मेवालीपुढे हात पसरायचा. ती सुटे पैसे ठेवायची. चौदा वर्षं त्याच डेपोच्या बसमध्ये ती पॅसेंजर होती.

हे असंच चाललं असतं. पण एका गुरुवारी दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी दुकानासमोरच्या थांब्यावर ड्रायव्हरबाईची चौदा नंबरची बस येऊन उभी राहिली आणि स्टिअरिंगवर भलताच माणूस होता.

ती हातातली काच ठेवून बाहेर आली. बसचा कंडक्टर तिच्या ओळखीचा होता. जाडजूड, घोगऱ्या आवाजाचा. डेपोत त्याला घंटा म्हणत. तिला बघून त्याचा चेहरा उतरला.

"तुम्हाला कोणी सांगितलं नाही?" तो म्हणाला. "अहो, सकाळी नऊला ठोकली ना ट्रकने. बाई शुद्धीवर आहेत, घाबरू नका. हात मोडलाय, बरगड्यांना मार आहे."

सकाळी नऊला ठोकली आणि आता चार वाजून गेले होते. त्या सात तासांत तिने अकरा चष्मे पुरे केले होते.

दवाखाना कुठला ते घंटालाही नक्की माहीत नव्हतं. ती तशीच डेपोत गेली. चौकशीच्या खिडकीवरच्या माणसाने यादी काढली, बोट खाली नेलं, पुन्हा वर आणलं.

"नातेवाईकांनाच सांगता येतं."

"मी नातेवाईकच आहे."

"यादीत नाव नाही तुमचं. यांच्या थोरल्या बहिणीचं आहे. त्यांना सकाळीच कळवलं, गाडी पाठवून आणलंसुद्धा."

थोरली बहीण म्हणजे ताई. दोन तासांच्या अंतरावर राहायची. बहिणीबहिणींत अकरा वर्षं बोलणं नव्हतं, आणि ते कोणामुळे नव्हतं हे चष्मेवालीला सांगायची गरज नव्हती.

"ही यादी कुठून येते?" तिने विचारलं.

"पासाच्या रजिस्टरावरून उतरवतो. ज्यांना पास ते कुटुंब. पास नसेल तर नोकरीला लागताना जे नाव दिलं ते."

शेवटी एका मेकॅनिकने ग्रीसचे हात पुसत दवाखान्याचं नाव सांगितलं. ती पोचली तेव्हा ताई खाटेशेजारच्या एकुलत्या एक खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसली होती.

"तुम्ही कशाला आलात?" ताई म्हणाली. "आम्ही आहोत ना घरचे."

नर्सनेही सांगितलं, एका वेळी एकच नातेवाईक. चष्मेवाली दारातच उभी राहिली. खाटेवरून, बरगड्या धरून, एरवीच्या दहाव्या हिश्श्याच्या आवाजात ड्रायव्हरबाई म्हणाली, "ताई, तू आलीस, बरं वाटलं. आता जरा बाहेर बस. हिला आत येऊ दे."

ताई उठली. दारातून जाताना तिने चष्मेवालीच्या खांद्याला आपला पदरही लागू दिला नाही. चष्मेवाली खुर्चीवर बसली, खुर्ची अजून ताईच्या उबेची होती. तिने प्लॅस्टरच्या कडेला लागलेला पांढरा चुरा बोटाने झाडला. तिच्या मनात तेव्हाच एक गोष्ट पक्की झाली.

पुढच्या सोमवारी सकाळी ती बसमध्ये चढली. घंटा पुढे आला, तेव्हा तिने पैशाचं पाकीटच उघडलं नाही.

"मी कर्मचाऱ्याच्या कुटुंबातली आहे," ती म्हणाली.

"ते मला माहीत आहे हो. पास मिळाला?"

"नाही दिला. म्हणून तिकीटही काढणार नाही."

घंटाने इकडेतिकडे बघितलं. मग हळूच स्वतःच्या खिशात हात घातला. "मी काढतो तुमचं. आज राहू द्या."

"नको," ती म्हणाली. "तुम्ही काढलंत तर मी तुमची पाहुणी होईन. मी घरातली आहे."

घंटाने मागच्या लोकांची तिकिटं फाडायला सुरुवात केली. संध्याकाळपर्यंत डेपोत बातमी पसरली, की ड्रायव्हरबाईंच्या त्या गप्प बसणाऱ्या बाई विनातिकीट हिंडतायत. मेकॅनिक लोकांत एक वेगळाच वाद पेटला: त्यांना वहिनी म्हणायचं की ताई? कोणी म्हणालं वहिनी, कारण ड्रायव्हरची बायको ती वहिनी. कोणी म्हणालं, ड्रायव्हर जर ताई असेल, तर ताईची बायको वहिनी कशी? दोन चहा संपले तरी निकाल लागला नाही. शेवटी एकाने तिलाच थांब्यावर गाठून विचारलं. ती म्हणाली, "मला काहीही म्हणा. तिकीट काढा एवढं म्हणू नका."

तिला वाटलं होतं, एक-दोन दिवसांत चेकर येईल, पकडेल, खटला भरेल. खटला झाला की कायदा काय म्हणतो ते कोणीतरी मोठ्याने वाचेल. पण झालं उलटंच. कंडक्टर लोक तिला सांभाळून घ्यायला लागले. चेकर पुढच्या थांब्यावर दिसला की एकमेकांना फोन करायचे आणि तिला आधीच उतरायला सांगायचे. "मॅडम, इथे उतरा, मागची बस पकडा." ती उतरत नसे, तर बसच वेळ काढून उशिरा जायची. नऊ दिवस ती विनातिकीट फिरली आणि नऊ दिवस तिला कोणी पकडेना. चेकर दिसला की फुकट्यांना पळता भुई थोडी होते. ही मात्र चेकरला शोधत शहरभर हिंडत होती.

दहाव्या दिवशी तिनेच पत्ता लावला. चेकर रोज साडेदहाला जुन्या टाकीजवळच्या थांब्यावर चहा प्यायचा. उंच, काटकुळा, शिस्तीचा पक्का. स्वतःच्या सासूला दंड केलेला माणूस म्हणून त्याची ख्याती होती, आणि सासूने पुढे सहा महिने त्याच्या घरी पाणीही प्यायलं नाही म्हणतात. चष्मेवाली त्याच थांब्यावर त्याच्या मागून चढली.

"तिकीट?"

"नाही."

"पास?"

"नाही."

"मग दंड भरा आणि उतरा."

"दंड भरणार नाही. खटला लिहा."

चेकरने चष्मा वर सरकवला. तो चष्मा तिनेच घासलेला होता. उजवा डोळा मायनस सव्वातीन, डावा पावणेतीन. दोन वर्षांपूर्वी फ्रेम सैल आहे म्हणून दोनदा परत आला होता. ती त्याला ओळखत होती, तो तिला ओळखत नव्हता. बस गच्च भरली होती आणि सगळे कान टवकारून ऐकत होते.

"बाई, एवढ्याशा रकमेसाठी कोर्टात कशाला जाता?"

"रकमेसाठी जात नाही. माझी जोडीदारीण तुमच्याच डेपोत ड्रायव्हर आहे. नोंदणीचा कागद आहे माझ्याकडे. पास नाकारलाय. ते कारण लिहा."

"कारणाला यात जागा नसते."

"पाठीमागे लिहा."

कोणीतरी मागून म्हणालं, "अरे, उतरवा तिला, आम्हाला उशीर होतोय." दुसरं कोणीतरी एक घाण शब्द बोललं. तिचे कान तापले. एरवी ती खाली मान घालून उतरली असती. आज तिने वर दांडी घट्ट धरली आणि आवाज आला त्या दिशेला वळून म्हणाली, "पुन्हा बोला. साहेब तेही लिहून घेतील."

चेकरने कागद उलटा केला आणि बसच्या हेलकाव्यात, जमेल तेवढ्या सुवाच्य अक्षरात, तिने सांगितलं ते सगळं उतरवलं. मग हलक्या आवाजात म्हणाला, "यात तुमच्या ड्रायव्हरबाईंचं नाव सगळीकडे होईल, कल्पना आहे ना?"

कल्पना होती. फक्त ज्या माणसाला ती आधी द्यायला हवी होती, त्या माणसाला तिने दिली नव्हती.

घरी ड्रायव्हरबाई गळ्यात हात अडकवून बसली होती. घंटाने फोनवर आधीच सगळं सांगून ठेवलं होतं.

"दहा दिवस!" ती ओरडली, आणि बरगडीत कळ आली म्हणून खाली बसली. "दहा दिवस तू हे करतेयस आणि मला अख्ख्या डेपोनंतर कळतं? नोकरी कोणाची आहे? चार बायकांतली एक आहे मी तिथे. गिअर नीट पडला नाही तरी म्हणतात, बाई आहे म्हणून. त्यात आता हे. मला विचारलंस?"

"तीन वर्षं वाट बघितली."

"मी म्हटलं होतं, जाऊ दे."

"तू ट्रकवाल्याच्या बापाला भीत नाहीस," चष्मेवाली म्हणाली, "आणि त्या खिडकीतल्या कारकुनापुढे शेपूट घालतेस."

"ट्रकवाला माझा पगार काढत नाही!"

मग चष्मेवाली बोलली, आणि चौदा वर्षांत ती एका दमात इतकं कधी बोलली नव्हती. "तू सात तास तिथे पडली होतीस. मी त्या वेळात कोणाकोणाचे चष्मे घासत होते. तू मेली असतीस तर मला चार वीसला बस बघून कळलं असतं. कागद आपल्या कपाटात आहे, अगं, आणि तुझ्या डेपोत मी कोणीच नाही. असला कागद काय चाटायचाय? मला तो पास नको. मला त्या यादीत नाव पाहिजे. आणि ते मी घेणार. तुला भीती वाटत असेल तर तू घरी बस. माझी मी जाईन."

ड्रायव्हरबाई उठून आतल्या खोलीत गेली. दोन दिवस घरात बोलणं बंद होतं. एका हाताने तिला केस बांधता येत नव्हते, तर चष्मेवाली मागे उभी राहून बांधून द्यायची. तेवढ्यापुरतं डोकं मागे यायचं, शब्द नाही.

बसच्या खटल्यांचं कोर्ट दुसऱ्या मजल्यावर होतं. लाकडी बाकांवर विनातिकीटवाले दाटीवाटीने बसलेले, पंख्याची एक पाती वाकडी. न्यायाधीशबाईंना सर्दी झाली होती आणि दर दोन मिनिटाला एक खटला निकाली निघत होता. चष्मेवालीचा नंबर आला.

"तिकीट काढलं होतं?"

"नाही, मॅडम."

"गुन्हा कबूल?"

"प्रवास कबूल आहे. गुन्हा नाही."

न्यायाधीशबाईंनी रुमाल नाकावरून काढला आणि पहिल्यांदा वर बघितलं. चष्मेवालीने पिशवीतून नोंदणीचा कागद काढून पुढे ठेवला. कंपनीचा वकील उभा राहिला. तरुण, घाईत, हातात फायलींचा गठ्ठा. तो म्हणाला, कंपनी कायद्याचा पूर्ण आदर करते, पण विहित नमुन्यात तसा रकाना नाही.

"कायद्यात आहे?"

"आहे, मॅडम."

"नमुना कोणाचा?"

"कंपनीचा."

"तीन वर्षांत कंपनीला नवा फॉर्म छापता आला नाही? छापखाना बंद आहे का?"

"परिपत्रकाची प्रतीक्षा आहे, मॅडम."

"परिपत्रक कोण काढतं?"

वकिलाने गठ्ठा या हातातून त्या हातात घेतला. "कंपनीच."

बाकांवर खसखस पिकली. मग चेकरला पुढे बोलावलं. त्याने कागद उलटा करून मागचं सगळं वाचून दाखवलं, स्वल्पविरामसुद्धा न गाळता. त्याला विचारलं, बाईंनी लपायचा प्रयत्न केला का? "नाही, मॅडम," तो म्हणाला. "उलट चौकशी केली तेव्हा कळलं, बाई दहा दिवस मलाच शोधत होत्या. माझ्या सत्तावीस वर्षांच्या नोकरीत असं पहिल्यांदाच."

न्यायाधीशबाईंनी कागदावर बोट ठेवलं. "ही जोडीदारीण, ड्रायव्हर. त्या इथे हजर आहेत का?"

चष्मेवाली मागे वळली नाही. सकाळी ती एकटीच घरातून निघाली होती, आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. "नाही" म्हणायला तिने तोंड उघडलं.

"हजर!"

रोज पहाटे डेपोत हजेरीला देतात, तसा आवाज. वकिलाच्या हातातून एक फाइल घसरली. सगळ्यात मागच्या भिंतीला टेकून ड्रायव्हरबाई उभी होती. रजेवर असूनही गणवेश घातलेला, डावी बाही प्लॅस्टरवर कापून टाचणीने अडकवलेली, टोपी काखेत. बटणं एका हाताने लावताना एक वरखाली झालं होतं.

"तुम्ही यांच्या कोण?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"मी हिची बायको," ड्रायव्हरबाई म्हणाली. "आणि ही माझी. फॉर्ममध्ये काय बसवायचं ते कंपनीने बसवावं."

निकाल लहानसा होता. पास द्या असा हुकूम काढायचा अधिकार या कोर्टाला नाही, असं न्यायाधीशबाईंनी स्पष्ट सांगितलं. पण ज्या माणसाला पासाचा हक्क आहे त्याला, केवळ कंपनीने पास दिला नाही म्हणून, विनातिकीट म्हणता येणार नाही; खटला काढून टाकला आहे; प्रत कंपनीला पाठवावी. मग त्या शिंकल्या आणि पुढच्याला बोलावलं.

जिन्यावर ड्रायव्हरबाई म्हणाली, "बटण चुकलंय का गं?"

"एक," चष्मेवाली म्हणाली आणि तिथेच, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या वाटेत उभं राहून, सगळी उघडून पुन्हा लावली.

आता कोणी म्हणेल, झालं, जिंकल्या. तसं काही झालं नाही. कंपनीने प्रत घेतली आणि भिजत घातली. चष्मेवाली विनातिकीट फिरतच राहिली. तिच्यावर आणखी तीन खटले झाले, तिन्ही त्याच कोर्टात गेले, तिन्ही तसेच सुटले. शेवटच्या वेळी न्यायाधीशबाईंनी वकिलाकडे नुसतं बघितलं, आणि पुढच्या आठवड्यात पास आला. जुन्याच फॉर्मवर. पती खोडलेलं, पत्नीही खोडलेलं, आणि वर निळ्या पेनाने 'जोडीदार'.

तिने पास घेतला आणि खिडकीवरून हलली नाही.

"आता काय?" कारकुनाने विचारलं.

"यादीत नाव उतरवा."

"यादी नव्या वर्षात उतरवतात, बाई. सगळ्यांची एकदम."

"अपघात नव्या वर्षात होत नाहीत, साहेब. आत्ता उतरवा. मी थांबते."

मागे रांग वाढली. या वेळी कोणी हसलं नाही. घंटा रांगेत होता आणि तो ज्याच्याकडे बघे त्याला हसू येत नसे. कारकुनाने घाम पुसला, रजिस्टर काढलं, ताईच्या नावावर काट मारायला पेन उचललं.

"ताईंचं राहू द्या," चष्मेवाली म्हणाली. "दोन नंबरवर. माझं एकवर लिहा."

ड्रायव्हरबाई बरी होऊन कामावर गेली तेव्हा तिला डोंगराकडची पहाटेची फेरी दिली गेली, ती सलग दोन महिने. जेवणाच्या टेबलावरचे दोघे जण तिच्याशेजारून उठून दुसरीकडे बसायला लागले. तिच्या कपाटाच्या दारावर कोणीतरी खिळ्याने एक शब्द कोरला. तिने तो खरवडला नाही. त्याच्याखाली खिळ्यानेच कोरलं: 'वाचलं. पुढे?' घरमालक एकदा जिन्यात चाचरत म्हणाला, लोक विचारतात हो. तेव्हा चष्मेवालीने त्याला सांगितलं, "लोकांना सांगा, मावसबहिणी नाहीत, जोडपं आहे. भाडं तेच राहील." ताईचा एकदा फोन आला. पेपरात तर आलं नाही ना, एवढंच तिने विचारलं. नाही आलं म्हटल्यावर हाताला मालिश कुठल्या तेलाने करता, तेही विचारलं.

चष्मेवाली काही एकदम बोलकी झाली नाही. सुटे पैसे कमी आले तर मात्र आता उभी राहायची.

दोन-अडीच महिन्यांनी एका दुपारी दुकानाच्या मागच्या खोलीच्या दारात डेपोतला टायरवाला येऊन उभा राहिला. पन्नाशीचा, आडदांड, चाकं एकट्याने उचलणारा. हातात चांगला धडधाकट चष्मा. म्हणाला, काडी सैल आहे. तिने हलवून बघितली. काडी घट्ट होती. तिने चाक बंद केलं, त्यामुळे खोलीत एकदम शांत झालं.

"बसा," ती म्हणाली.

तो बसला नाही. चष्मा फिरवत उभा राहिला. "आमचं अठरा वर्षांचं आहे," तो शेवटी म्हणाला. "तो बेकरीत असतो. नोंदणी नाही केली अजून. कोणाला माहीत नाही. मला फक्त विचारायचं होतं... तो फॉर्म, कुठल्या खिडकीवर?"

तिने त्याला सगळं सांगितलं. नोंदणी कार्यालयात कितीला जायचं, साक्षीदार कोण चालतात, फॉर्मवर काय खोडायचं आणि काय अजिबात खोडू द्यायचं नाही. त्याने तीनदा विचारून घेतलं. महिन्याभराने कागद झाल्याचं त्याने फोन करून कळवलं, आणि खिडकी कितीला उघडते ते चौथ्यांदा विचारलं. "उद्या मी येते बरोबर," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने मालकाकडून तासाभराची सुट्टी घेतली. टायरवाला डेपोच्या फाटकाशी उभा होता, केस पाण्याने चापून बसवलेले. दोघं व्हरांड्यातून चालत आले. कारकुनाने लांबूनच तिला पाहिलं, शेजारच्या माणसाला पाहिलं, त्याच्या हातातली प्लॅस्टिकची पिशवी पाहिली, आणि चटकन खिडकीची फळी खाली ओढली.

टायरवाला थबकला. "उद्या येऊ या का?"

चष्मेवालीने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, पुढे झाली आणि बोटाच्या पेराने फळीवर वाजवलं.

"जेवणाच्या सुट्टीला अजून बारा मिनिटं आहेत, साहेब," ती म्हणाली. "उघडा."